आंब्याखाली लावलेली गाडी

मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात दुपारी गाडी लावायची म्हटलं की नजर आधी झाड शोधते. कडुनिंब, आंबा, पिंपळ, जे सापडेल ते. दोन तासांनी परत यावं तर गाडी आतून बऱ्यापैकी सोसवेल अशी असते, पण बॉनेटवर चिकट ठिपके, टपावर कावळ्याची शिट आणि काचेच्या खाली वाळकी पानं. मग वाटतं, उन्हातच लावली असती तर बरं झालं असतं का? माझी गाडी गेली अकरा वर्षं उघड्यावरच उभी असते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. माझं उत्तर ठाम आहे. सावलीच घ्यावी. मात्र झाडानं अंगावर जे टाकलं ते त्याच दिवशी, भिजवून काढावं.

हे पटायला रंगाची जाडी माहीत हवी. कारखान्यात पत्रा आधी हौदात बुडवतात आणि विजेच्या मदतीनं त्यावर गंजाला अडवणारा थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. गॅरेजवाले त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. त्यातलं लॅकर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचं, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. गाडीची चकाकी त्याच्यामुळेच, आणि ऊन, पाऊस, धूळ झेलतं तेही तेच. ते संपलं की खालचा रंग उघडा पडतो, विटतो आणि टपावर पांढुरके पोपडे धरायला लागतात.

लॅकर हे मुळात प्लॅस्टिक. लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधून ते बनतं. उन्हातले अतिनील किरण या साखळ्या तोडतात. तुटलेली टोकं हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जातात, ती शेजारची साखळी तोडतात आणि हे पुढे पुढे सरकत राहतं. म्हणून रंग बनवणारे लॅकरमध्ये दोन प्रकारची रसायनं घालतात. एक अतिनील किरण शोषून त्यांची उष्णता करून टाकतं. दुसरं तुटलेल्या टोकांना पकडून साखळीचा विध्वंस थांबवतं, आणि गंमत म्हणजे हे काम करून ते पुन्हा ताजं होतं, पुढच्या टोकासाठी तयार. तरी वर्षानुवर्षांच्या उन्हात दोन्हींचा साठा घटत जातो. आडवे भाग, म्हणजे टप, बॉनेट आणि डिकी, आधी जातात, कारण ऊन त्यांच्यावर सरळ पडतं. दारं बहुधा धडधाकट राहतात.

रंगांच्या चाचण्यांसाठी जगभरातले कारखाने दोन जागा फार मानतात: दमट उष्ण दक्षिण फ्लोरिडा आणि कोरडं उष्ण ॲरिझोना. तिथे रंगवलेले पत्रे महिनोन्‌महिने उघड्यावर मांडून ठेवतात. आपल्याकडे या दोन्ही परीक्षा एकाच राज्यात होतात, एक रत्नागिरीत आणि एक चंद्रपुरात.

आता आतल्या उष्णतेकडे येऊ. ॲरिझोनातल्या टेंपी इथे संशोधकांनी वेगवेगळ्या आकारांच्या गाड्या कडक उन्हाच्या दिवशी उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजमाप केलं. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. तासाभरात उन्हातल्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, स्टिअरिंग ५३ वर, सीट ५१ वर आणि डॅशबोर्ड ६९ अंश सेल्सिअसवर. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८ वर थांबला, स्टिअरिंग ४२ वर. डॅशबोर्डमध्ये २१ अंशांचा फरक! हा फरक निव्वळ सावलीचा आहे, त्याला एक पैसा लागलेला नाही.

डॅशबोर्ड इतका का तापतो? काचेतून दिसणारा प्रकाश आणि जवळचे अवरक्त किरण सहज आत येतात. डॅशबोर्ड ते शोषून तापतो आणि लांब लहरींच्या रूपात उष्णता बाहेर टाकतो, पण या लांब लहरी काचेतून आरपार जात नाहीत. त्यात गरम हवेलाही वर निघून जायला वाट नसते. डॅशबोर्ड काळा किंवा गडद ठेवतात तो चालवणाऱ्याच्या सोयीसाठी. फिका असता तर त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडून रस्ता दिसायला अडचण झाली असती. या गडदपणाची किंमत उन्हात मोजावी लागते. प्लॅस्टिक आणि रेक्झिन मऊ ठेवणारी द्रव्यं उष्णतेनं हळूहळू उडून जातात, काचेच्या आतल्या बाजूला धुरकट तेलकट थर होऊन बसतात, आणि मागे उरलेलं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. काच पुसताना फडक्याला लागतो तो चिकट धूसरपणा बराचसा डॅशबोर्डमधूनच आलेला असतो.

काच दोन बोटं खाली ठेवली की गाडी थंड राहते, असा समज आहे. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली हे तपासलं आणि फरक नगण्य निघाला. एकूण वाढीतली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर फक्त २२ अंश असतानाही आत तासाभरात ४७ अंश झाले. त्यांचा अभ्यास मुलांच्या जिवासाठी होता. तेव्हा रंगाचं आणि सीटचं बोलताना हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही: ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणूनसुद्धा मूल किंवा कुत्रं बंद गाडीत ठेवू नये.

सावली नसेल तर पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावावा. प्रकाश डॅशबोर्डवर पोचून त्याची उष्णता होण्याआधीच परत फिरवायचा, हे त्याचं काम. पुढची काच दोन थरांची असते आणि मधला प्लॅस्टिकचा पापुद्रा अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. बाजूच्या काचांत असा पापुद्रा सहसा नसतो, म्हणून त्यांच्यातून बरेच अतिनील किरण आत येतात आणि दाराच्या कडेची सीट आधी विटते. त्यावर काळी फिल्म हा उपाय नव्हे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली काळ्या फिल्मवर बंदी आणली. अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यामुळे ते अडवायला काच काळी असायची गरज नाही. उभ्या गाडीत बाजूला जुनी सुती चादर अडकवली तरी सीट वाचते.

गाडीचा रंगही थोडी मदत करतो. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये एकाच बनावटीच्या काळ्या आणि चंदेरी गाड्या शेजारी उभ्या करून मोजलं, तेव्हा चंदेरी गाडीचा टप २५ अंशांपर्यंत थंड निघाला आणि आतली हवा ५-६ अंशांनी. आपल्याकडे पांढऱ्या गाडीला इतकी मागणी असते, त्यामागे विदर्भ-मराठवाड्यात तरी शहाणपण आहे.

आता शिट. ‘पक्ष्याच्या शिटेत ॲसिड असतं, त्यानं रंग जळतो’ असं सगळे सांगतात. त्यात अर्धंच तथ्य आहे. शिटेचा पांढरा भाग हा युरिक ॲसिड असतो, पण ते पाण्यात फारच कमी विरघळतं आणि तसं सौम्य असतं. इराणमधल्या संशोधकांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. शिटेऐवजी त्यांनी पॅनक्रिएटिन, म्हणजे पचनाच्या एन्झाइमांचं मिश्रण, लॅकरवर ठेवून पाहिलं, आणि डाग तसेच पडले. अन्नातली चरबी आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइमं लॅकरच्या साखळ्यांमधले काही दुवेही तोडू शकतात. दुसरं कारण साधं यांत्रिक आहे. लॅकर एका ठरावीक तापमानाच्या वर, साधारण ५० ते ७० अंशांच्या आसपास, काचेसारखं कडक न राहता थोडं सैल पडतं आणि फुगतं. गडद बॉनेट मेच्या दुपारी हे तापमान सहज गाठतं. त्याच वेळी वरची शिट वाळून कडक होते. संध्याकाळी पत्रा निवला की लॅकर त्या खरबरीत शिटेभोवती आकसतं आणि तिचा ठसा घेऊन घट्ट होतं. मग शिट धुतली तरी तिथे चकाकी नसते.

दोन्ही कारणांत नुकसान करणारी जोडी एकच आहे, उष्णता आणि वेळ. सावलीत पडलेली शिट संध्याकाळी काढली तर बहुतेक वेळा काही मागे राहत नाही. तीच गाडी शिटेसकट दुसऱ्या दिवशी उन्हात उभी केली की डाग कायमचा. म्हणून मी गाडीत पाण्याची बाटली आणि जुन्या सुती पंचाचे तुकडे ठेवतो. भिजवलेला तुकडा शिटेवर पाच-दहा मिनिटं ठेवायचा आणि मग उचलून घ्यायचा. घासायचं नाही, कारण शिटेत बियांचे आणि वाळूचे कण असतात.

आंब्याखालचे चिकट ठिपके ही वेगळीच गोष्ट. अनेकांना तो झाडाचा चीक वाटतो. मोहोराच्या दिवसांत तो बहुधा तुडतुड्यांचा गोड पाझर असतो. हे किडे मोहोराचा रस शोषतात आणि जास्तीची साखर खाली टाकतात. त्याच साखरेवर पुढे काळी बुरशी चढते, जी बागायतदारांना पानांवर दिसते आणि आपल्याला टपावर. ही साखर साध्या पाण्यानं विरघळते. खरा चीक किंवा डिंक मात्र पाण्याला दाद देत नाही. त्याला थोडं सर्जिकल स्पिरिट लावावं, तेही आधी कोपऱ्यात लावून पाहून, आणि लगेच धुवावं. पेट्रोल किंवा रॉकेल लावू नये. डिझेलचं फडकं फिरवून गाडी चमकवायची पद्धत तर सोडूनच द्यावी. त्याचा तेलकट थर धूळ ओढून धरतो आणि दारांची रबरं फुगवतो.

इथवर वाचून कुणी रोज सकाळी कोरडं फडकं मारू लागला तर मात्र मला वाईट वाटेल. गाडीचं लॅकर ऊन जेवढं खातं, तेवढंच आपलं फडकं खातं. आपल्या सोसायट्यांमध्ये एक बादली पाणी आणि एका फडक्यात वीस गाड्या पुसल्या जातात. पुसणाऱ्याची त्यात चूक नाही. त्याला पाणीच तेवढं मिळतं. पण तिसऱ्या गाडीनंतर त्या फडक्यात चिखल असतो. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या दगडाचा. बांधकामाची क्रश सँडही त्याचीच. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा मोहच्या (Mohs) मापात मोजतात. त्यातल्या फेल्डस्पार खनिजाचा कठीणपणा ६, चाकूच्या पात्याचा सुमारे साडेपाच. नदीच्या वाळूतल्या गारेचा तर ७. अशा धुळीवर कोरडं फडकं दाबून फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच.

हे ओरखडे सकाळच्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल दिसतात. खरं तर ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. ज्यांची दिशा प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती वळलेली असते, तेवढेच चमकून डोळ्यात भरतात, म्हणून गोल भासतात. जुन्या स्टीलच्या ताटात दिवा पाहिला तर हीच वर्तुळं दिसतील. रबिंग-पॉलिशनं ती जातात, पण जातात ती लॅकर खरवडून, आणि ४०-५० मायक्रॉनच्या शिलकीतून असा खर्च किती वेळा करायचा? पाणी कमी असेल तर गाडी धुळकट राहू द्यावी. धूळ नुसती बसून राहिल्यानं फारसं बिघडत नाही. आठवड्यातून एकदा आधी वरून भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग मऊ फडकं. बोअरचं पाणी जड असेल तर उन्हात वाळू देऊ नये. क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. पाण्याचे थेंब भिंगासारखे उन्हानं रंग जाळतात, हे मात्र मनातून काढून टाकावं. पत्र्यावर टेकलेल्या थेंबातून गेलेले किरण जिथे एकवटले असते, तो बिंदू पृष्ठभागाच्या बराच खाली जातो.

कव्हरचंही तेच. धुळकट गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला, की ते रात्रभर गाडी घासत राहतं. स्वच्छ गाडीवर, हवा खेळणाऱ्या कापडाचं, घट्ट बसणारं असेल तरच ते उपयोगी. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर आतली ओल कोंडतं आणि उंदरांना आयतं घर मिळतं. मेण लावलं तर उत्तम; ब्राझीलच्या कार्नोबा ताडाच्या पानांचं मेण ८० अंशांच्या वर वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हात टिकतं, पण काही आठवड्यांत झिजतं. सिरॅमिक कोटिंगनं पाणी आणि मळ लवकर सुटतो. जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा मात्र पेन्सिलींच्या कठीणपणाच्या मापातला आहे, खनिजांच्या नाही. दगडाची धूळ त्यालाही ओरखडते, आणि शिट तिथेही वेळेवरच काढावी लागते.

कोकणात आणि गोव्यात शत्रू वेगळा आहे. मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं, आणि किनाऱ्यावर अनेक रात्री हवा त्याहून दमट असते. अखंड लॅकरला मिठाचं पाणी विशेष काही करत नाही. दगड लागून रंग उडालेल्या जागी मात्र ते पत्र्यापर्यंत पोचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि शेजारचा रंग आतून उचलतो. म्हणून तिथे नखाएवढी टवका उडालेली जागाही लगेच टच-अप करावी, आणि धुताना पाण्याचा झोत गाडीखालीही मारावा. नारळाखाली गाडी लावू नये हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

जून लागला की माझा सावलीचा आग्रह मीही सैल करतो. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ, वादळात पटकन मोडतात. आणि झाडाखालच्या गाडीला पावसाळ्यात एक छुपा धोका असतो. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी, जाळीदार पन्हाळ असते. काचेवरचं पाणी तिथून नळ्यांवाटे खाली जातं. एका जुलैमध्ये माझ्या गाडीत चालकाच्या पायाखालचा गालिचा सतत ओला राहू लागला, सीटच्या पट्ट्यांवर बुरशी आली. दारांची रबरं बदलून झाली, तरी ओल हटेना. शेवटी पावसाच्या एका उघडिपीत मी जाळीत बोटं घातली. आत उन्हाळ्यात गळलेल्या आंब्याच्या मोहोराचा आणि पानांचा मूठभर लगदा नळीच्या तोंडावर बसला होता. तो काढताच तुंबलेलं पाणी चाकामागून भळाभळा खाली आलं.