चिंतेची गोळी जन्माला चिकटते?

‘ती गोळी एकदा लागली की सुटत नाही’ हा समज घरोघरी मुरलाय. त्याचं मूळ अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या औषधांत आहे. तासाभरात शांत वाटतं, पण काही आठवड्यांत सवय लागू शकते. सततच्या चिंतेच्या आजारावर मुख्य औषधं वेगळी: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन. जोडीला किंवा त्याऐवजी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार. या गोळ्यांचा गुण यायलाच २ ते ६ आठवडे लागतात, आणि नेमकं तेव्हाच ‘काही फरक नाही’ म्हणत पाकीट कपाटात जातं! बरं वाटल्यावरही ती बहुधा वर्षभर चालू ठेवून डोस हळूहळू उतरवतात. एकदम तोडली तर गरगरतं, झोप उडते. हे व्यसन नव्हे. प्रगती मोजायला जीएडी-७ ही सात प्रश्नांची यादी आहे: २१ पैकी १५ किंवा जास्त म्हणजे तीव्र, ५ च्या खाली नगण्य. जुना आकडा पुढच्या भेटीला सोबत न्या.