तिसरा पक्ष व मतविभागणी (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन या दोन प्रमुख पक्षांबाहेरचा उमेदवार उभा राहिल्याने त्यांपैकी एका पक्षाची मते फुटतात आणि एरवी हरला असता तो दुसरा पक्ष जिंकतो, हा अमेरिकी निवडणुकांविषयीचा जुना समज आहे. अशा उमेदवाराला तेथे ‘स्पॉइलर’ म्हणतात. वृत्तपत्री हिशेब सोपा असतो : तिसऱ्याची मते विजयी मताधिक्याहून जास्त भरली की खापर त्याच्यावर फुटते. अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र ही केवळ पहिली अट आहे. तो उमेदवार नसता तर त्याच्या मतदारांपैकी किती जण मतदानाला आलेच नसते आणि आलेल्यांनी उरलेल्या दोघांत कोणाची निवड केली असती, या दोन गोष्टी ठरल्याखेरीज निष्कर्ष काढता येत नाही. त्या मतपेटीत दिसत नसल्याने वाद टिकून राहतो.

परिणामाचे मूळ निवडणूकपद्धतीत आहे. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, मग ती निम्म्याहून कमी असली तरी चालतात, अशा पद्धतीत समविचारी मते दोघांत वाटली गेली तर तिसऱ्याचे फावते. अध्यक्षीय निवडणुकीत याला निर्वाचक मंडळाची, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींच्या (‘निर्वाचकां’च्या) व्यवस्थेची, जोड मिळते. मेन व नेब्रास्का वगळता बाकी ४८ राज्ये आपले सर्व निर्वाचक राज्यात आघाडीवर असलेल्या उमेदवाराला देतात; त्यामुळे एका राज्यातली काहीशे मतेही देशाचा निकाल फिरवू शकतात. बोर्दा व काँदॉर्से या फ्रेंच विद्वानांनी अठराव्या शतकातच या दोषाची गणिती चर्चा केली होती. केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार, काही किमान वाजवी अटी पाळणारी कोणतीही पसंतीक्रमाधिष्ठित पद्धत तिसऱ्या पर्यायाच्या प्रभावापासून पूर्णपणे मुक्त असू शकत नाही. त्याच वर्षी मोरिस द्युव्हेर्जे यांनी अशा पद्धतीत द्विपक्षव्यवस्थेकडे कल असतो, असे प्रतिपादन केले. मत वाया जाऊ नये म्हणून मतदार लहान पक्ष सोडतो, हे त्याचे एक कारण.

याचा एक परिणाम बहुतेक लोकप्रिय विवेचनांतून निसटतो. तिसऱ्या उमेदवाराचा पाठिंबा मतदान जवळ येते तसा ओसरतो. १९८० च्या उन्हाळ्यातील काही मतचाचण्यांत अपक्ष उमेदवार जॉन अँडरसन २० टक्क्यांच्या वर होते. प्रत्यक्षात त्यांना ६.६ टक्के मते पडली. म्हणजे जे सहज वळण्यासारखे असतात ते आधीच वळलेले असतात. अखेरपर्यंत टिकतात ते बहुधा दोन्ही प्रमुख पक्षांवर नाराज असलेले मतदार, आणि ‘ही मते मुळात आमचीच होती’ हा दावा नेमका त्यांच्याच बाबतीत सर्वांत दुबळा ठरतो.

एकोणिसाव्या शतकातील सर्वाधिक उद्धृत उदाहरण १८४४ चे आहे. गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाचे जेम्स बर्नी यांना न्यूयॉर्क राज्यात १५,८१२ मते मिळाली. तेथे डेमोक्रॅटिक उमेदवार जेम्स पोक यांनी तेव्हाच्या दुसऱ्या प्रमुख पक्षाचे, व्हिग पक्षाचे, हेन्री क्ले यांच्यावर ५,१०६ मतांची आघाडी घेतली. राज्याचे ३६ निर्वाचक क्ले यांच्याकडे गेले असते, तर १७०–१०५ हा निकाल १३४–१४१ असा उलटला असता. व्हिग वृत्तपत्रांनी तेव्हाच बर्नींना दोष दिला व जुन्या इतिहासग्रंथांतही तोच सूर आढळतो. तथापि क्ले स्वतः गुलामांचे मालक होते आणि टेक्ससच्या विलीनीकरणाविषयी त्या उन्हाळ्यात त्यांनी लिहिलेल्या दोलायमान पत्रांनी गुलामगिरीविरोधी मतदार बिथरले होते. त्या मतदारांपैकी पोक यांच्याकडे कोणीही गेले नसते असे धरले, तरी किमान एक तृतीयांशांनी क्ले यांना मत द्यायला हवे होते. हे अशक्य नाही, पण गृहीत धरण्याजोगेही नाही.

१८८४ मध्ये पुन्हा न्यूयॉर्कच निर्णायक ठरले. डेमोक्रॅटिक विजेते ग्रोव्हर क्लीव्हलंड यांचे तेथील मताधिक्य हजार ते बाराशेच्या दरम्यान होते (नेमका आकडा साधनांगणिक बदलतो) आणि दारूबंदी पक्षाचे जॉन सेंट जॉन यांना सुमारे २५,००० मते पडली. ही मते प्रामुख्याने रिपब्लिकन वळणाची मानली जातात. परंतु त्याच राज्यात बेंजामिन बटलर यांनी डेमोक्रॅटिक बाजूची मतेही ओढली. एका तिसऱ्याचा हिशेब मांडताना दुसऱ्या तिसऱ्याला वगळण्याची ही सवय पुढेही आढळते.

१९१२ चे उदाहरण मतविभागणीचे आदर्श उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत दिले जाते. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षातून फुटून प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे निवडणूक लढवली. डेमोक्रॅटिक वुड्रो विल्सन यांना ४१.८ टक्के मते व ४३५ निर्वाचक, रूझवेल्ट यांना २७.४ टक्के व ८८, तर रिपब्लिकन पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांना २३.२ टक्के व अवघे ८ निर्वाचक मिळाले. रूझवेल्ट व टाफ्ट यांची बेरीज निम्म्यापलीकडे जाते, हे खरे. पण येथे क्रमाने तिसरे आले ते टाफ्ट. तेव्हा कोणी कोणाचे बिघडवले हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारता येतो. शिवाय रूझवेल्ट नसते तर त्यांच्या सुधारणावादी मतदारांपैकी बरेच जण टाफ्ट यांच्याऐवजी विल्सन यांच्याकडे वळले असते, असेही मत आहे.

अपक्ष रॉस पेरो यांनी १९९२ मध्ये १८.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ९७ लाख मते मिळवली. निर्वाचक एकही नाही. बिल क्लिंटन यांना ४३ टक्के, जॉर्ज बुश (थोरले) यांना ३७.४ टक्के. पेरो यांच्यामुळे बुश हरले, असे रिपब्लिकन वर्तुळात आजही मानले जाते व खुद्द बुश यांनीही पुढे तसे बोलून दाखवले. उपलब्ध पुरावा त्याला पोषक नाही. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या चाचणीत पेरो यांच्या मतदारांपैकी ३८ टक्क्यांनी दुसरी पसंती क्लिंटन, ३८ टक्क्यांनी बुश सांगितली. उरलेले बहुतेक घरीच बसले असते. डीन लेसी व बॅरी बर्डेन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पेरो यांच्यामुळे मतदान जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढले आणि क्लिंटन यांची आघाडी सात टक्क्यांनी उलट घटली. तेव्हा पेरो यांची गणना मतखाऊंत करणे सयुक्तिक दिसत नाही.

सर्व चर्चेचा केंद्रबिंदू मात्र फ्लॉरिडा, २०००. प्रमाणित निकालात रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना २९,१२,७९० व डेमोक्रॅटिक अल गोर यांना २९,१२,२५३ मते होती; फरक ५३७. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मते मिळाली. राज्याचे २५ निर्वाचक ज्याच्याकडे जातील तो अध्यक्ष, अशी स्थिती होती. वरवर पाहता प्रकरण येथेच संपते. पण त्या मतपत्रिकेवर प्रमुख दोघांखेरीज आठ उमेदवार होते आणि आठांपैकी प्रत्येकाला ५३७ हून अधिक मते पडली होती. सर्वांत शेवटचे, सोशलिस्ट वर्कर्स पक्षाचे जेम्स हॅरिस यांनाही ५६२. निव्वळ मताधिक्याच्या कसोटीने हे आठही जण दोषी ठरतात, आणि त्यातच ती कसोटी किती ढोबळ आहे ते दिसते.

सर्वांत काटेकोर अभ्यास मायकेल हेरॉन व जेफ्री लुइस यांचा (२००७) होय. चाचण्यांतील उत्तरांवर न विसंबता त्यांनी फ्लॉरिडातील मतपत्रिकांच्या संगणकीय नोंदी तपासल्या व नेडर यांना मत देणाऱ्याने त्याच मतपत्रिकेवर सिनेट आदी पदांसाठी कोणाला मत दिले, यावरून त्याचा कल अनुमानिला. त्यांच्या मते नेडर यांच्या मतदारांपैकी सुमारे ६० टक्के गोर यांच्याकडे व ४० टक्के बुश यांच्याकडे गेले असते. डाव्या उमेदवाराच्या बाबतीत हे प्रमाण बहुतेकांच्या अपेक्षेहून पुष्कळच समतोल आहे. तरीही ५३७ चा फरक इतका किरकोळ होता, की या प्रमाणात त्यांच्यापैकी २,७०० जण, म्हणजे शंभरातले तिघे, मतदानाला आले असते तरी निकाल फिरला असता. नेडर यांच्यामुळे निकाल बदलला, पण राज्यातील लढत विलक्षण अटीतटीची होती म्हणूनच, हा त्यांचा निष्कर्ष. प्रस्तुत नोंदीत तोच अधिक ग्राह्य मानला आहे.

नेडर यांच्या समर्थकांचे युक्तिवाद सर्वस्वी फोल नाहीत. गोर यांनी स्वतःचे टेनेसी राज्य जिंकले असते, तर फ्लॉरिडाची गरजच उरली नसती. तेथे ते सुमारे ८०,००० मतांनी हरले व नेडर यांची मते २०,००० च्या आसपास होती. फ्लॉरिडात बुश यांना मत देणारे डेमोक्रॅट नेडर यांच्या एकूण मतदारांहून कितीतरी अधिक होते, असे चाचण्यांवरून दिसते. उलट न्यू हॅम्पशरमध्ये बुश यांची आघाडी ७,२११ आणि नेडर यांची मते २२,१९८ होती. तेथील चार निर्वाचकही गोर यांना पुरले असते. याचा उल्लेख क्वचितच होतो. नेडर यांनी मुद्दाम चुरशीची राज्ये हेरली, हा आरोप बर्डेन यांना (२००५) प्रचाराच्या नोंदींत सिद्ध होताना दिसला नाही. पुढील निवडणुकीत सरकारी निधी मिळावा म्हणून देशभरात ५ टक्के मते गाठणे हे उद्दिष्ट होते. मते पडली २.७ टक्के.

त्याच निवडणुकीत फ्लॉरिडातील पाम बीच काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) घडलेला प्रकार वेगळ्या जातीचा आहे. तेथील मतपत्रिकेत उमेदवारांची नावे दोन्ही पानांवर व छिद्रे मधल्या पट्टीत होती. गोर यांचे नाव डावीकडे दुसरे, पण त्यांचे छिद्र तिसरे. दुसरे छिद्र उजवीकडील रिफॉर्म पक्षाच्या पॅट ब्यूकॅनन यांचे. ब्यूकॅनन यांना या काउंटीत सुमारे ३,४०० मते मिळाली. जोनाथन वँड व सहकाऱ्यांनी (२००१) टपाली मतांशी तुलना केली. टपाली मतपत्रिकेची रचना तशी नव्हती व तिच्यावर ब्यूकॅनन यांचे प्रमाण नगण्य होते. यावरून दोन हजारांहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी चुकून ब्यूकॅनन यांना मत दिले, असे त्यांनी दाखवले. याखेरीज एकाहून अधिक छिद्रे पडल्याने तेथे सुमारे १९,००० मतपत्रिका बाद झाल्या. येथे ब्यूकॅनन यांची उमेदवारी निर्णायक ठरली म्हणावी, तर ती मतपत्रिकेवरच्या जागेमुळे. विचारसरणीचा तिच्याशी संबंध नव्हता. दुसऱ्या बाजूचा हिशेब असा की विस्कॉन्सिन, आयोवा, ऑरेगन व न्यू मेक्सिको ही चार राज्ये गोर यांनी ब्यूकॅनन यांच्या मतांहून कमी फरकाने जिंकली. न्यू मेक्सिकोत तर अवघ्या ३६६ मतांनी.

२०१६ मध्ये मिशिगन (फरक १०,७०४), विस्कॉन्सिन (२२,७४८) व पेनसिल्व्हेनिया (४४,२९२) या तिन्ही राज्यांत ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांची मते डॉनल्ड ट्रंप यांच्या आघाडीहून जास्त होती. मात्र तिन्ही ठिकाणी निकाल फिरायला स्टाइन यांच्या जवळजवळ सर्वच मतदारांनी हिलरी क्लिंटन यांच्याकडे जाणे पेनसिल्व्हेनियामुळे आवश्यक होते. तिन्ही राज्यांत लिबर्टेरियन पक्षाचे (सरकारी हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणारा पक्ष) गॅरी जॉन्सन यांची मते स्टाइन यांच्या तिपटीच्या आसपास होती व त्यांचा कल उजवीकडचा समजला जातो. २०२० मध्ये जॉर्जियात ट्रंप ११,७७९ मतांनी हरले व लिबर्टेरियन जो जॉर्गेन्सन यांना ६२,२२९ मते पडली, तेव्हा तोच आरोप उलट दिशेने झाला.

काँग्रेस व राज्य पातळीवरील निवडणुकांचा अभ्यास तुलनेने त्रोटक आहे. जॉर्जियाचे उदाहरण लक्षणीय : तेथे निम्म्याहून अधिक मते मिळवावी लागतात, अन्यथा पहिल्या दोघांत फेरमतदान होते. नोव्हेंबर २०२० मध्ये रिपब्लिकन सिनेटर डेव्हिड पर्ड्यू ४९.७ टक्क्यांवर अडले, लिबर्टेरियन उमेदवाराला २.३ टक्के मिळाली आणि जानेवारीतील फेरीत पर्ड्यू जॉन ऑसॉफ यांच्याकडून हरले.

हीच निवडणूकपद्धत भारतात असल्याने ‘मते खाल्ली’ हा आरोप महाराष्ट्रातही परिचित आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमध्ये अशोक चव्हाण सुमारे ४०,००० मतांनी हरले व वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,६६,००० वर मते मिळाली. पाम बीचशी अधिक जवळचे साम्य साताऱ्याचे (२०२४) : उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी विजयी झाले, तर शरद पवार गटाच्या ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाशी गल्लत होणारी ‘पिपाणी’ घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. दिंडोरीत अशाच अपक्षाने लाखावर मते घेऊनही त्या गटाचा उमेदवार निवडून आला.

उपाय म्हणून पसंतीक्रम मतदानाचा पुरस्कार केला जातो. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत असते तशी पसंती क्रमाने नोंदवायची आणि शेवटच्या उमेदवाराची मते पुढे वळती करायची, अशी ही रीत. मेन राज्याने २०१६ मध्ये ती जनमताने स्वीकारली. २०१८ मध्ये तेथील दुसऱ्या काँग्रेस मतदारसंघात पहिल्या फेरीत मागे असलेले जॅरेड गोल्डन दोन अपक्षांची मते वळती झाल्यावर निवडून आले. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत मात्र वेगळेच घडले. मेरी पेल्टोला या डेमोक्रॅटिक उमेदवार अखेरच्या फेरीत सारा पेलिन यांना हरवून विजयी झाल्या. पण मतपत्रिकांच्या नोंदींनुसार आधीच बाद झालेले रिपब्लिकन निक बेगिच या दोघींनाही समोरासमोरच्या लढतीत हरवू शकले असते. म्हणजे येथे बिघाड करणारा उमेदवार (रिपब्लिकन पेलिन) लहान पक्षाचा नव्हता, प्रमुख पक्षाचाच होता. ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये अलास्काच्या मतदारांपुढे आला व हजाराहून कमी मतांनी फेटाळला गेला.