काशीची अन्नपूर्णा कॅनडात कशी गेली आणि परत कशी आली

१५ नोव्हेंबर २०२१, प्रबोधिनी एकादशी. त्या दिवशी काशी विश्वनाथ मंदिराच्या परिसरात अन्नपूर्णेच्या एका जुन्या पाषाणमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मूर्ती १८व्या शतकातली, बनारसी घडणीची, उंचीला वीतभरही नाही. ती काशीतून गेली होती १९१३च्या सुमारास, आणि गेली ती चोरीला.

नॉर्मन मॅकेन्झी हे कॅनडातल्या रिजायना शहरातले वकील, कलावस्तू जमवण्याचा मोठा नाद असलेले. १९१३ मध्ये ते हिंदुस्थानात फिरायला आले. काशीला गंगेच्या काठी, घाटाच्या दगडी पायऱ्यांवरच्या एका देवस्थानात ही मूर्ती त्यांना दिसली आणि मनात भरली. ती आपल्याला हवी, हे त्यांचं बोलणं कुणा अनोळखी माणसाने ऐकलं आणि मूर्ती तिथून उचलून त्यांना आणून दिली. म्हणजे ती काही पडक्या देवळाच्या ढिगाऱ्यात सापडलेली नव्हती. लोक तिच्यापुढे हात जोडत होते.

१९३६ मध्ये मॅकेन्झी वारले. मृत्युपत्राप्रमाणे त्यांचा संग्रह रिजायना कॉलेजकडे गेला. पुढे त्याचंच विद्यापीठ झालं आणि संग्रहासाठी मॅकेन्झींच्याच नावाचं कलादालन उभं राहिलं. तिथे ही देवी चक्क विष्णू म्हणून नोंदली गेली.

ही चूक मला चोरीइतकीच लागते. एका हातात खिरीचं भांडं, दुसऱ्या हातात पळी, आणि देह सरळसरळ स्त्रीचा. लग्नात गौरीहरापुढे बसलेल्या मुलीच्या पुढ्यात जी पितळी अन्नपूर्णा असते, तिच्याही हाती पळीच. मराठी घरातलं शाळकरी पोरही ही मूर्ती ओळखेल. प्रत्यक्ष शंकर जिच्या दारी भिक्षेला उभा राहिला अशी काशीची ही देवी. आपल्याकडे मूर्ती ओळखायची ती हातातल्या वस्तूंवरून आणि वाहनावरून; पण त्यासाठी ते जाणणारं कुणीतरी समोर असावं लागतं. दगडाचं शिल्प म्हणून मांडून ठेवली, की देवी नुसती वस्तू होते.

समोर कुणीतरी आलं ते २०१९ मध्ये. प्रदर्शनाच्या निमित्ताने कॅनडातल्या भारतीय वंशाच्या कलावंत दिव्या मेहरा हा संग्रह धुंडाळत होत्या. विष्णू म्हणवली जाणारी मूर्ती त्यांना स्त्रीची दिसली. त्यांनी नोंदी उकरल्या, तेव्हा १९१३ची हकीकत हाती लागली. अमेरिकेतल्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयाचे अभ्यासक सिद्धार्थ शाह यांनी ती अन्नपूर्णा असल्याचं निश्चित केलं. मेहरांनी मूर्ती परत करण्याची मागणी केली आणि विद्यापीठाने ती मान्य केली. १९ नोव्हेंबर २०२० रोजी, कोरोनाच्या दिवसांमुळे ऑनलाइन समारंभात, ती भारताच्या उच्चायुक्तांकडे सुपूर्द झाली. प्रत्यक्ष भारतात पोहोचायला आणखी जवळपास वर्ष गेलं. ११ नोव्हेंबर २०२१ला दिल्लीत ती उत्तर प्रदेश सरकारच्या हवाली करण्यात आली आणि तिथून मिरवणुकीने काशीला निघाली.

कायद्याने पाहिलं तर ही मूर्ती परत मागायला फारसा आधार नव्हता. १९०४च्या प्राचीन स्मारक कायद्यात पुरातन वस्तूंची ने-आण रोखण्याचे अधिकार सरकारला होते, पण निर्यातीसाठी वेगळा कायदा यायला १९४७ उजाडलं. शंभर वर्षांहून जुनं शिल्प खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येणार नाही, अशी पक्की बंदी १९७२च्या कायद्याने घातली. तो लागू झाला ५ एप्रिल १९७६ला. चोरलेल्या सांस्कृतिक ठेव्याविषयीचा युनेस्कोचा करार १९७०चा, आणि तो मागल्या काळाला लागू होत नाही. म्हणून अन्नपूर्णेसाठी कोर्टकचेरी झाली नाही. विद्यापीठाने ती आपण होऊन दिली. जिच्या चोरीची हकीकत अशी टिकून राहते आणि कुणाच्या तरी नजरेस पडते, अशी मूर्ती विरळाच. १९७६च्या आधी गेलेल्या बाकीच्या मूर्तींचं काय, याचं उत्तर आजही बहुतेकदा परदेशातल्या संग्रहालयांच्या मर्जीवर आहे.