सफरचंद खाल्लं की तोंडाला खाज सुटते? आधी वाण कुठला ते बघा

सफरचंदाचा एक घास चावला आणि दोन-चार मिनिटांत ओठ चुणचुणायला लागले, टाळूला खाज सुटली, घशात आणि अगदी कानाच्या आतसुद्धा खवखव, आणि मग थोड्या वेळाने सगळं आपोआप थांबलं. ज्यांना असं होतं ते बहुतेक सरळ सफरचंद सोडून देतात. पण त्याच लोकांना विचारलं की शिजवलेलं सफरचंद किंवा सफरचंदाचा जॅम खाऊन काय होतं, तर बरेच जण सांगतात की काहीच होत नाही. कच्चं चालत नाही पण शिजवलेलं चालतं, ही खूण फार महत्त्वाची आहे, कारण अशा वेळी मूळ भानगड बहुतेकदा फळात नसते तर हवेत असते.

हवेत म्हणजे परागकणांत. युरोपच्या उत्तर आणि मध्य भागात बर्चची झाडं भरपूर, वसंतात ती फुलली की हवेत परागाचा नुसता धुरळा, आणि ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांना शिंका, वाहणारं नाक, लाल डोळे. बर्चच्या परागातलं मुख्य त्रासदायक प्रोटीन म्हणजे बेट व्ही १, त्याचा जीन १९८९ साली व्हिएन्नामधल्या संशोधकांनी वेगळा केला. सफरचंदात याच्याच कुळातलं प्रोटीन आहे, मॅल डी १. दोघांची अमिनो आम्लांची साखळी निम्म्याहून जास्त जुळते आणि घडी घातल्यावरचा आकार तर जवळपास सारखाच. म्हणजे शरीराने बर्चविरुद्ध बनवलेली आयजीई अँटिबॉडी, म्हणजे अ‍ॅलर्जीत शत्रू ओळखून पकडणारं प्रोटीन, सफरचंदाचं प्रोटीन दिसलं की त्यालाही तोच शत्रू समजून पकडते. बर्चची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांपैकी अनेक पाहण्यांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांना कुठल्या ना कुठल्या कच्च्या फळाचा, भाजीचा किंवा सुक्यामेव्याचा त्रास होतो असं दिसलंय. सफरचंद त्यात सगळ्यात पुढे, मग हेझलनट, चेरी, पेअर, पीच, गाजर, सेलरी वगैरे.

मॅल डी १ तसं नाजूक प्रोटीन आहे, उष्णतेने त्याची घडी मोडते आणि पोटातल्या रसात ते पटकन पचतं. म्हणून त्रास तोंडापुरता राहतो आणि म्हणूनच शिजवलेलं चालतं. डॉक्टर याला ओरल अ‍ॅलर्जी सिंड्रोम म्हणतात. अर्थात दरवेळी सगळं इतकं सौम्यच राहतं असं नाही, बर्चवाल्या काही लोकांना सोया ड्रिंकने जोरदार रिअ‍ॅक्शन आलेली आहे, कारण सोयामध्येही याच कुळातलं प्रोटीन असतं आणि ड्रिंक म्हटलं की एकदम मोठी मात्रा पोटात जाते.

आता खरी गोष्ट, वाणाची. सगळी सफरचंदं सारखी नसतात, आणि हे चवीपुरतं नाही. मॅल डी १ हे झाडाच्या संरक्षण-प्रोटीनांच्या कुळातलं, रोग आला, इजा झाली, ताण पडला की झाड ते जास्त बनवतं. शिवाय हे एकाच जीनचं काम नाही, सफरचंदात मॅल डी १ चे डझनाहून जास्त जीन आहेत आणि कुठल्या वाणात कुठला जीन किती जोरात चालतो ते वेगवेगळं असतं. त्यामुळे मात्राही बदलते आणि प्रोटीनचं नेमकं रूपही बदलतं. हे दुसरं लोक विसरतात. दोन सफरचंदांत मॅल डी १ ची मात्रा सारखी असली तरी एकातलं रूप तुमच्या अँटिबॉडीला घट्ट चिकटतं आणि दुसऱ्यातलं नीट बसतच नाही असं होऊ शकतं, म्हणून नुसता लॅबमधला आकडा बघून अमुक वाण तुम्हाला चालेल असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

तरीही एक ढोबळ चित्र आहे. गोल्डन डिलिशस आणि ग्रॅनी स्मिथ ही त्रासदायक म्हणून ओळखली जातात, गोल्डन डिलिशस तर इतकी की अभ्यासांत तुलनेसाठी मुद्दाम तीच वापरतात. दुसऱ्या टोकाला सांताना. हा वाण नेदरलँड्समध्ये वागेनिंगेनला तयार झाला, एल्स्टार आणि प्रिसिला यांचा संकर, आणि बनवला तेव्हा अ‍ॅलर्जी कुणाच्या डोक्यातही नव्हती. नंतर अ‍ॅलर्जीवाल्या लोकांवर वेगवेगळे वाण तपासताना लक्षात आलं की सांतानाने बऱ्याच जणांना एकतर अगदी कमी त्रास होतो किंवा होतच नाही, आणि मग २००६ पासून तिथल्या दुकानांत हा वाण सफरचंदाची सौम्य अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी म्हणून विकायला ठेवला गेला. एलीझ नावाचा आणखी एक वाणही याच कमी त्रासाच्या बाजूला धरतात.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सांतानाची वंशावळ. एल्स्टार स्वतः गोल्डन डिलिशसचं लेकरू, म्हणजे सांताना ही थेट गोल्डन डिलिशसची नात! एवढी त्रासदायक आजी आणि नात इतकी सौम्य. म्हणजे घराणं बघून निकाल देता येत नाही, प्रत्येक वाण स्वतंत्रपणे तपासायलाच लागतो. आणि कुणाला अशीही शंका येईल की संरक्षणाचं प्रोटीन कमी म्हणजे झाड रोगट असणार, तर तसंही नाही, सांताना स्कॅब या बुरशीच्या रोगाला चांगली टक्कर देते कारण ती ताकद तिला प्रिसिलाकडून वेगळ्याच जीनमधून मिळालीय.

मग जुने वाण. जर्मनीत बर्‍याच वर्षांपासून लोक आपले अनुभव कळवतायत की बाजारातली नेहमीची सफरचंदं चालत नाहीत पण बॉस्कोपसारखा जुना आंबटसर वाण चालतो. याचं एक स्पष्टीकरण असं देतात की जुन्या वाणांत पॉलिफिनॉल, म्हणजे फळाला तुरटपणा देणारी रसायनं, जास्त असतात. फळ कापलं किंवा चावलं की पॉलिफिनॉल आणि त्यांच्यावर काम करणारं एन्झाइम एकत्र येतात, फोड तपकिरी पडते आणि या गडबडीत तयार झालेले पदार्थ मॅल डी १ ला चिकटून त्याचा आकार बिघडवतात. सफरचंद किसून थोडा वेळ तसंच ठेवून मग खाल्लं तर काहींना कमी त्रास होतो, त्याचंही कारण हेच सांगतात. आणि नवे वाण निवडताना गोडवा, कमी तुरटपणा आणि कापल्यावर पांढरं राहणं हे बघितलं जातं, म्हणजे पॉलिफिनॉल मागे पडणार हे ओघाने आलंच. पण म्हणून 'जुनं ते चांगलं, नवं ते वाईट' असा नियम करू नये असं मला ठामपणे वाटतं. मोजमापांत पॉलिफिनॉल आणि त्रास यांचं नातं दरवेळी सरळ दिसत नाही, आणि सांताना तर नवाच वाण आहे.

बरं, वाण एकच असला तरी फळ एकसारखं नसतं. झाडावरून काढून महिनोन्महिने साठवलेल्या सफरचंदात मॅल डी १ वाढलेलं आढळतं, म्हणजे काढणीच्या वेळी जे फळ चाललं तेच कोल्ड स्टोरेजमधून काही महिन्यांनी आलं तर खाज सुटू शकते. सालीत गरापेक्षा प्रोटीन जास्त, म्हणून सोलून खाल्लं तर फरक पडतो पण गरातही ते असतंच त्यामुळे पूर्ण सुटका नाही. आणि खाणाऱ्याचं शरीरही वर्षभर सारखं नसतं, बर्च फुललेला असताना तोंडाचा त्रास बहुतेकांना वाढतो.

म्हणून आपला वाण शोधायचा तर शांतपणे आणि डॉक्टरला विचारून. आधी रक्त तपासून नक्की कुठल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे ते बघावं, कारण सफरचंदात मॅल डी ३ नावाचं वेगळंच प्रोटीन आहे, ते शिजवून मोडत नाही, पोटातही सहज पचत नाही, मुख्यतः सालीत असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी, जी भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांत जास्त दिसते, अंगावर गांधी येण्यापासून जिवावर बेतण्यापर्यंत जाऊ शकते. अशा माणसाने वाण बदलून बघण्याच्या फंदात पडूच नये. ज्यांना पूर्वी कधी सफरचंदाने श्वास लागला, घसा सुजला, चक्कर आली त्यांनीही घरी प्रयोग करू नयेत, आणि दमा आटोक्यात नसेल त्यांनीही. बाकी सौम्य त्रासवाल्यांसाठी क्लिनिकमध्ये एक साधी टेस्ट आहे, सुई आधी ताज्या फळात टोचायची आणि मग हाताच्या त्वचेवर, आणि गाठ किती मोठी येते ते बघायचं, असे चार-पाच वाण एकाच बैठकीत तपासून होतात. त्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली छोटा तुकडा, थांबायचं, मग थोडा मोठा. वाणाचं नाव आणि फळ ताजं होतं की साठवणीतलं, हे दोन्ही लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार?

यापुढची पायरी पण सुरू झालीय. २००५ साली वागेनिंगेनच्या संशोधकांनी मॅल डी १ चे जीन दाबून टाकलेलं सफरचंदाचं रोप करून दाखवलं, आणि २०१५ मध्ये अशा झाडांची फळं अ‍ॅलर्जी असलेल्यांनी चाखली तेव्हा त्रास खरोखर कमी झाला, पण हे जनुकीय बदल केलेलं फळ असल्याने युरोपच्या बाजारात येणं सोपं नाही. दुसरीकडे सौम्य वाणापासून सुरुवात करून शरीराला सवय लावायचे प्रयोग चाललेत. एका अभ्यासात लोकांनी आधी लाल गराचं रेड मून, मग पिंक लेडी आणि शेवटी गोल्डन डिलिशस असं चढत्या क्रमाने आठ महिने रोज खाल्लं, सफरचंदाचा त्रास कमी झाला आणि बर्चच्या हंगामातल्या शिंकासुद्धा. त्याआधी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १ ग्रॅम सफरचंदापासून सुरू करून मात्रा हळूहळू दुप्पट करत नेली, असं खाणाऱ्या २७ पैकी १७ जण त्रासाशिवाय अख्खं सफरचंद खाण्यापर्यंत पोचले, पण ज्यांनी नंतर खाणं बंद केलं त्यांचा त्रास परत आला, म्हणजे निदान या पद्धतीत तरी सवय टिकवायची असेल तर सफरचंद नियमित खात राहावं लागतं.