कृपादानांचा कागद इंदुरात कसा आला

सुदामानगरातल्या एका घरी दर गुरुवारी संध्याकाळी मराठी प्रार्थनासभा भरते. रविवारी चर्चमध्ये सगळं हिंदीतून, म्हणून गुरुवार मराठीचा. गेल्या उन्हाळ्यात तिथे झेरॉक्स केलेले कागद वाटले गेले. हिंदीत छापलेली शंभरावर वाक्यं आणि प्रत्येकापुढे शून्य ते तीन गुण. ‘अचानक पाहुणे आले तरी मला त्रास वाटत नाही’, अशा थाटाची वाक्यं. शेवटी रकान्यांची बेरीज करायची, की सेवेसाठी देवाने तुम्हाला कोणतं दान दिलंय ते कळतं. घरच्या काकूंना ‘आदरातिथ्या’त पंधरापैकी पंधरा पडले. पोह्यांवर शेव भुरभुरत त्या म्हणाल्या, “एवढं कळायला पेन कशाला लागतं?”

हा कागद कुठून आला असं विचारलं की लोक ‘अमेरिकेतून’ म्हणून मोकळे होतात. ते खरं आहे, पण अर्धंच.

आधी शब्दाकडे बघू. येशूचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, पत्र लिहिलं ते साधारण इ.स. 54-55 च्या सुमारास, इफिसातून. त्यात त्याने वापरलेला ग्रीक शब्द आहे ‘खारिस्मा’, आणि त्याच्या पोटात ‘खारिस’ म्हणजे कृपा. मराठी शास्त्रातला ‘कृपादान’ हा शब्द त्याला बरोबर बसतो. इंदूरच्या उपासनेत मात्र कानावर पडतो हिंदीतला ‘आत्मिक वरदान’. आपल्याकडे वर म्हटला की तपश्चर्या आली, एका पायावर उभं राहणं आलं आणि शेवटी भस्मासुरही आला. कृपादानाला तप लागत नाही, ते न मागता मिळतं. तरी करिंथकर वागत होते ते थेट भस्मासुरासारखे. अन्य भाषांत, म्हणजे प्रार्थनेच्या भरात स्वतःलाही न कळणाऱ्या भाषांत, बोलणारे स्वतःला वरचढ समजू लागले आणि सभेत कोणाचं कोणाला कळेना. म्हणून पौलाने शरीराचा दाखला दिला : डोळ्याने हाताला ‘तुझी गरज नाही’ असं म्हणता येत नाही. लग्नात आपण हौसेने वाचतो तो प्रीतीचा तेरावा अध्याय याच भांडणाच्या मधोमध येतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

याद्यांचं म्हणाल, तर करिंथकरांच्या बाराव्या अध्यायात आधी नऊ दानं मोजलेली आहेत, रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सात, आणि इफिसकरांच्या पत्रात तर माणसंच दान म्हणून दिलेली : प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. एक यादी दुसरीशी जुळत नाही. काकूंचं आदरातिथ्य तर यांतल्या एकाही यादीत नाही. ते सापडतं पेत्राच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, कृपादानाच्या वचनाला अगदी खेटून.

इंदुरात 1877 साली कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी आले. दरबार मराठी, बाजार माळवी. भर बाजारात उपदेश करू द्यायचा की नाही, यावरून होळकर संस्थानाशी त्यांची बरीच खडाजंगी झाली. ही माणसं प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या परंपरेतली. अन्य भाषा, हात ठेवून बरं करणं ही दानं प्रेषितांच्या काळाबरोबर संपली, असं त्या परंपरेत सर्रास मानलं जाई. उरलेली दानं पाळक, एल्डर (मंडळीचे वडील), डीकन (सेवक) अशा हुद्द्यांत वाटली गेली. बायकांना त्या हुद्द्यांत जागा नव्हती. तरी 1884 मध्ये डॉ. एलिझाबेथ बिटी आल्या, पाठोपाठ डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या, आणि बायकांसाठी दवाखाना उभा राहिला. यादीतलं ‘बरं करण्याचं’ दान संपलं म्हणणाऱ्या मिशनचं लोकांना पटलेलं काम हेच असावं. 1887 साली रेव्ह. जॉन विल्कींनी ख्रिश्चन कॉलेज काढलं. त्याचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी किशोरकुमार. गाणं हे दान पौलाच्या कुठल्याच यादीत नाही, हे जाता जाता.

दानांचा विषय पुन्हा पेटला तो मराठी मुलखात. पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन होतं. 1897 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणि 1900 मध्ये गुजरातेतून शेकडो मुली आणल्या होत्या. वेल्समधल्या जागृतीची, म्हणजे श्रद्धेच्या नव्या लाटेची, बातमी आल्यावर 1905 च्या सुरुवातीला रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुलींचा गट जमवला आणि जून संपता संपता तिथे जागृती सुरू झाली. रात्ररात्र प्रार्थना, रडणं, पापांची कबुली, पुढे अन्य भाषाही. मग मुलींच्या टोळ्या गावोगाव उपदेशाला निघाल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची सभा, जिच्यापासून पेंटेकॉस्टल (अन्य भाषांसारख्या दानांवर भर देणारी) चळवळ मोजतात, ती एप्रिल 1906 ची. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी 1906 मध्ये याबद्दल छोटं पुस्तक लिहिलं. ते चिलीतल्या मैत्रिणीच्या हाती पडलं आणि तिथल्या मेथडिस्टांत पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. दुष्काळातून आलेल्या, हुद्दा नसलेल्या मुलींनी उपदेश केला, ही मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

आता कागदाकडे. डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म 1897 चा, दमोहचा. होय, आपल्या मध्य प्रदेशातलं दमोह. आईवडील मिशनरी, आणि ते स्वतः हरदा आणि तखतपूर भागात काम करत राहिले. काही मंडळ्या वाढतात आणि शेजारच्याच का खुंटतात, या प्रश्नाने त्यांना पछाडलं. उत्तर शोधत त्यांनी चर्चवाढीचा विचार मांडला आणि 1965 मध्ये कॅलिफोर्नियात फुलर सेमिनरीत त्याचं शिक्षण सुरू केलं. तिथले त्यांचे विद्यार्थी आणि मग सहकारी पीटर वॅग्नर. मंडळी वाढायची तर पाळकाने एकट्याने खपून भागत नाही, प्रत्येकाचं दान कामाला लागलं पाहिजे, हे वॅग्नर यांचं म्हणणं. 1979 मध्ये त्यांनी 27 दानं मोजली. त्यांत अविवाहित राहणं आहे, हौतात्म्यही आहे. रिचर्ड हाउट्स यांची प्रश्नावली त्याआधीची, 1976 ची. वॅग्नर यांनी ती सुधारून घेतली, आणि पुढे तिच्या नकलांच्या नकला जगभर गेल्या.

या पद्धतीचा दोष सरळ आहे : गुण आपले आपणच द्यायचे. पौलाच्या पत्रात त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याचं दान वडीलवर्गाने हात ठेवण्याशी जोडलेलं आहे, म्हणजे पाहणारे दुसरे होते. सुदामानगरच्या घरी हे कुणाच्या तरी लक्षात आलं. पुढच्या गुरुवारी प्रत्येक कागदाच्या तळाशी पेनाने एक ओळ वाढवलेली होती : ‘तुमच्याबद्दल इतर तिघं काय म्हणतात?’ तिथे येणाऱ्या एका ऑटोवाल्या पोराला बेरजेत ‘प्रशासन’ निघालं होतं आणि तो स्वतःच हसत होता. त्याच्या कागदाखाली तीन निरनिराळ्या अक्षरांत जवळजवळ एकच गोष्ट लिहिलेली होती : रात्री दोनला फोन केला तरी एम. वाय. हॉस्पिटलला घेऊन जातो, आणि नंबर लागेपर्यंत थांबतो.