एका थेंबात कर्करोग? आधी भागाकार करा

'रक्ताच्या एका थेंबात कर्करोग ओळखा' असा दावा दिसला की कागद-पेन्सिल घ्यावी. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेला असताना ७.५ मिलिलिटर रक्तात गाठीतून सुटलेल्या ५ पेशी सापडल्या, तरी तो आकडा गंभीर मानतात. ७.५ मिलिलिटर म्हणजे साधारण १५० थेंब. म्हणजे सरासरी ३० थेंबांमागे एक पेशी! तिच्याभोवती गर्दी किती, तर दर मिलिलिटरला सुमारे ५ अब्ज तांबड्या पेशी आणि चाळीस लाख ते कोटभर पांढऱ्या.

ही एकटी पेशी वेचायची तर तिला चुंबकाने ओढता यायला हवे. त्यासाठी नॅनोकणांवर एपकॅम या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड बसवतात. एपकॅम अवयवांच्या अस्तरपेशींवर असते (स्तनाचा कर्करोग अशाच पेशींतून सुरू होतो), रक्तपेशींवर सहसा नसते. कण पेशीला चिकटले की नळीबाहेर चुंबक धरायचा आणि बाकीचे रक्त काढून घ्यायचे.

खरी गंमत कणाच्या पोटात आहे. आत लोहाच्या ऑक्साइडचे सुमारे १० नॅनोमीटरचे स्फटिक असतात. इतक्या लहान स्फटिकाची चुंबकीय दिशा नुसत्या उष्णतेने सतत उलटीपालटी होते, त्यामुळे एरवी तो चुंबक नसल्यासारखाच वागतो. बाहेरून चुंबक आणला की दिशा जुळतात, नेला की विस्कटतात. मोठ्या स्फटिकांत चुंबकत्व मागे उरते. ते एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि त्यांत पांढऱ्या पेशी अडकतात. मग एकेक स्फटिकच का वापरू नये? कारण ओढ आकारमानावर ठरते, आणि १० नॅनोमीटरच्या स्फटिकाला पाण्याच्या रेणूंचे धक्केच भारी पडतात. म्हणून असे शेकडो स्फटिक १०० नॅनोमीटरच्या आसपासच्या एका कणात बांधतात. शिवाय क्षेत्र सगळीकडे सारखे असेल तर कण नुसता वळतो, सरकत नाही. सरकायला क्षेत्रात चढउतार लागतो. चुंबकांची मांडणी त्यासाठीच जपून करतात.

(चुंबकाचे कडे घालून रक्त 'शुद्ध' होते म्हणणाऱ्यांनी हे वाचावे: ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक किंचित दूरच लोटतो. तांबड्या पेशी चुंबकाकडे धावल्या असत्या, तर ही पद्धतच उभी राहिली नसती.)

फसते कुठे? सुई टोचताना त्वचेच्या पेशी पहिल्या रक्तात येतात, म्हणून ते रक्त या तपासणीला घेत नाहीत. साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीत पेशी काही तासांतच खराब होऊ लागतात; पेशी टिकवणाऱ्या खास नळीत रक्त खोलीच्या तापमानाला ९६ तास चालते, पण त्यातल्या पेशी पुढे वाढवता येत नाहीत. इतके करूनही हजारो पांढऱ्या पेशी सोबत येतातच. त्यामुळे चमकणारे रंग लावून निवड करतात: केराटिन (अस्तरपेशींतले प्रथिन) हवे, केंद्रक हवे, आणि पांढऱ्या पेशींची खूण असलेले सीडी४५ नको. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे गाठीतून सुटताना काही पेशी एपकॅमच टाकून देतात. कणांना धरायला काही उरत नाही, आणि अहवालात येते 'शून्य'.