व्हिडिओ लहान करा, पण एकदाच

व्हिडिओ फार जड झाला की आपण कन्व्हर्टर उघडतो, दिसेल ते बटण दाबतो आणि मग चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसायला लागले की सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. खरं तर आधी हे बघायला हवं की फाइलमध्ये मुळात असतं काय.

थोडा हिशोब करू. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे साधारण ६२ लाख बाइट, आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला जवळपास १८७ एमबी. एवढं कोण साठवणार? म्हणून कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारी पद्धत, काय करतो, आधीच्या फ्रेममधलं जे तसंच आहे किंवा नुसतं सरकलंय ते परत लिहितच नाही, "तो तुकडा उचल, इकडे ठेव" एवढंच लिहितो, आणि जे उरतं त्यातला बारीक तपशील, जो डोळ्याला सहसा कळत नाही, तो राउंड ऑफ करून टाकतो. या राउंड ऑफला क्वांटायझेशन म्हणतात आणि क्वालिटी मुख्यतः इथेच जाते. गेली की गेली, परत येत नाही.

आता अशी फाइल पुन्हा एन्कोड केली, म्हणजे कोडेकने परत नव्याने दाबली, की गंमत होते. एन्कोडरला कळत नाही की हा चौकोन चित्रातला आहे की मागच्या वेळच्या कॉम्प्रेशनने पाडलेला, तो बिचारा दोन्ही जपायला बघतो, म्हणजे कचरा सांभाळायलाही जागा खर्च होते आणि वर नवीन नुकसान होतं ते वेगळंच. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं.

म्हणून पहिला प्रश्न, एन्कोड करायची खरंच गरज आहे का? एमकेव्ही आणि एमपी४ हे नुसते डबे आहेत, आतला माल एच.२६४ (एक सर्रास वापरला जाणारा कोडेक) असेल तर डबा बदलला तरी मालाला धक्का लागत नाही. एफएफएमपेगमध्ये (कमांड लिहून चालवायचं फुकट व्हिडिओ सॉफ्टवेअर) कोडेकच्या जागी कॉपी लिहिलं की काम काही सेकंदात होतं आणि क्वालिटी जशीच्या तशी. सुरुवात-शेवट कापायचा असेल तरी हेच चालतं, फक्त काप कीफ्रेमवर, म्हणजे अधूनमधून अख्खी साठवलेल्या फ्रेमवर, बसतो त्यामुळे थोडं पुढेमागे होतं.

साइज कमीच करायची असेल तर मात्र एन्कोड करावंच लागतं. तेव्हा बिटरेटचा (दर सेकंदाला किती डेटा त्याचा) आकडा अंदाजाने ठोकू नका, सीआरएफ वापरा, म्हणजे आपण क्वालिटी सांगायची आणि साइज एन्कोडर ठरवतो. एक्स२६४ मध्ये (एच.२६४ चा एन्कोडर) डिफॉल्ट २३ आहे, आकडा लहान तितकी क्वालिटी जास्त, आणि ६ ने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. मी १८ ते २२ मध्ये राहतो. एकदा हौसेने ० टाकलं होतं, म्हटलं नुकसानच नको, तर फाइल मूळपेक्षा कितीतरी मोठी झाली! वेळ असेल तर प्रीसेट (एन्कोडरच्या वेगाचं सेटिंग) स्लो ठेवा, एन्कोडर जास्त शोधाशोध करतो आणि त्याच दर्जाला जागा कमी लागते. ग्राफिक्स कार्डवरचं एन्कोडिंग झटपट होतं खरं, पण तेवढ्याच क्वालिटीला फाइल बहुतेक वेळा मोठी येते. आवाजाला हात लावू नका, कॉपीच करा.

रिसाइझही याच फेरीत उरकून घ्या, आधी एक फाइल, मग त्यातून दुसरी असं नको. १०८० वरून ७२० ला आलात की पिक्सेल निम्म्याहून कमी उरतात, आणि गंमत म्हणजे जुने चौकोनही त्यात बरेचसे विरघळतात, लँक्झोस फिल्टर (रिसाइझ करायची एक पद्धत) घेतला तर कडाही छान राहतात. रुंदी-उंची सम आकड्यात ठेवा, कारण रंगाची माहिती सहसा दोन्ही दिशांनी अर्धीच साठवलेली असते आणि विषम आकड्यावर एन्कोडर अडून बसतो. उलटं, ७२० चं १०८० करून काहीही मिळत नाही, नुसती फाइल फुगते.

अख्खी फाइल लावायच्या आधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा करून बघा, तोही अंधाराचा, धुराचा नाहीतर पाण्याचा, कारण सीआरएफचा आकडा चुकला असेल तर सगळ्यात आधी तिथेच दिसतं. आणि मूळ फाइल लगेच डिलीट करू नका हो.